प्रो. कावसजी नायगमवाला आणि पुण्याची मोठी दुर्बीण

पावसाळा सरून आकाश निवळूं लागलें, म्हणजे आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांस तारे पाहण्याची हौस उत्पन्न होते. आणि मग दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न ते आपल्या आईबापांस व आईबाप आम्हां शिक्षकांस विचारूं लागतात. मुलांचें लक्ष पेटीवर छापलेल्या मोठमोठ्या आंकड्यांकडे असतें, पालकांचें किंमतीकडे; आणि ज्या गोष्टींकडे लक्ष असावयास पाहिजे त्यांकडे बहुधा दोघांचेंही नसतें. या प्रश्नाचें कोरडें उत्तर देण्यापेक्षां एका थोर गृहस्थाचें चरित्र सांगावें व उत्तर त्यांतूनच निघूं द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे. आपल्या महाराष्ट्रांत, पुण्यासारख्या शहरीं, एके काळीं साऱ्या हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण उभी होती, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. ती दुर्बीण ज्यांनीं मिळविली आणि जवळजवळ एकट्यानें चालविली, ते प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे या लेखाचे नायक होत. भारतांतील पहिले खगोल-भौतिकशास्त्रज्ञ म्हणून विद्वानांत त्यांचें नांव प्रसिद्ध आहे.

कावसजींचा जन्म १८५७ सालीं एका पारशी कुटुंबांत झाला. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापनाही त्याच सालची. त्या विश्वविद्यालयाच्या पहिल्या पिढींतील जे बुद्धिमान पदवीधर निघाले त्यांत त्यांची गणना होते. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें, आणि पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन १८७८ सालीं ते एम्. ए. झाले. त्या परीक्षेंत त्यांस चॅन्सेलरचें सुवर्णपदक मिळालें. त्या काळीं असें पदक मिळविणाऱ्या तरुणास वकिली, सरकारी हुद्दा, व्यापार, सगळेच मार्ग मोकळे असत. कावसजींनीं अध्यापकाचा मार्ग धरला. १८८२ च्या सुमारास ते त्याच कॉलेजांत प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे व्याख्याते होते.

त्यांचें मन ज्या विद्येनें वेधून घेतलें होतें ती वर्णपटाची विद्या. तिचें स्वरूप थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील कथा समजावयाची नाहीं. सूर्यप्रकाश कांचेच्या लोलकांतून नेला असतां त्याचे रंग वेगळे होऊन एक पट्टा दिसतो, हें शाळेंतील प्रत्येक मुलास माहीत आहे. हा पट्टा नीट बारीक करून पाहिला, तर त्यांत काळ्या किंवा तेजस्वी अशा अनेक रेषा दिसूं लागतात. या रेषा म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याची जणूं काय सही होय, असें जर्मनींतील किर्खोफ व बुन्सेन या दोघां शास्त्रज्ञांनीं १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिलें. तेव्हांपासून, ज्या ताऱ्यापर्यंत मनुष्याचा हात कधींही पोंचणार नाहीं, त्या ताऱ्यांत लोखंड आहे कीं मीठ आहे, हें घरबसल्या सांगतां येऊं लागलें. या नव्या विद्येंत सूर्याच्या किनाऱ्यावर एक अपरिचित पिंवळी रेषा सांपडली. तिच्यावरून नॉर्मन लॉक्यर या इंग्रज शास्त्रज्ञानें एका नव्या मूलद्रव्याचें अनुमान केलें, आणि पृथ्वीवर कोणीं तें पाहिलेंही नसतांना त्यास हेलियम असें नांव मिळालें. पुढें १८९५ सालीं तें पृथ्वीवरही सांपडलें. अशा चमत्काराच्या दिवसांत तरुण असणें हेंच एक भाग्य होय!

मुंबईस असें काम करण्यास साधन कांहींच नव्हतें. १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी एल्फिन्स्टन कॉलेज पाहण्यास आले, आणि वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठीं त्यांनीं पांच हजार रुपये देऊं केले. मुंबई सरकारनें तितकीच रक्कम आपल्याकडून घालण्याचें मान्य केलें. त्या काळीं दहा हजार रुपये ही लहान रक्कम नव्हती. एखाद्या उतावळ्या माणसानें ती हातीं येतांच परदेशांतील मालाच्या याद्या चाळून, चित्रांत जें डौलदार दिसेल तें मागविलें असतें. कावसजींनीं तसें केलें नाहीं. दोन वर्षें गेल्यावर, १८८४ सालीं, ते स्वतः विलायतेस गेले, आणि यंत्रें घेण्यापूर्वीं ज्यांनीं अशीं यंत्रें वापरलीं आहेत अशा जाणत्यांस भेटले. ग्रीनिच येथील राजज्योतिषी क्रिस्टी व वर सांगितलेले लॉक्यर या दोघांनीं त्यांस असा सल्ला दिला कीं, नुसती प्रयोगशाळा करण्यापेक्षां ताऱ्यांचा वर्णपट पाहणारी वेधशाळाच कां उभारूं नये? कावसजींनीं तो सल्ला मानला. प्रयोगशाळेची वेधशाळा झाली ती अशी.

आमच्या पालकांस आम्ही येथेंच एक गोष्ट सुचवूं इच्छितों. दुर्बीण विकत घेण्यापूर्वीं ती ज्याच्याजवळ आहे अशा माणसाच्या गच्चीवर मुलास एकदोन रात्री घेऊन जावें. महाराष्ट्रांत आकाशनिरीक्षकांच्या संस्था आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून काम करीत आहे. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनीचें कडें पाहिल्यावर मुलाची हौस वाढली, तर खर्चाचा विचार करावा; दोन रात्रींतच विरली, तर पैसे वांचले.

विलायतेहून परत आल्यावर १८८५ सालीं कावसजींची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें झाली, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळेची योजनाही पुण्यास गेली. ही बदली खगोलविद्येस लाभदायकच झाली. मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेंत आरसे टिकत नाहींत, व समुद्रावरची वाफ ताऱ्यांवर सदा पडदा धरून असते. पुण्याची हवा कोरडी, व पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आकाश पुष्कळ स्वच्छ. १८८८ सालीं वेधशाळा तयार झाली, आणि दात्याच्या स्मरणार्थ तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असें नांव देण्यांत आलें. (बरोबर शंभर वर्षांनीं, १९८८ सालीं, त्याच पुण्यांत आयुका ही खगोलविद्येची मोठी संस्था स्थापन झाली. हा केवळ योगायोग. पण पुण्याच्या लोकांस तो ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें.)

ही वेधशाळा ज्या यंत्रामुळें नांवाजली तें म्हणजे डब्लिन येथील ग्रब या प्रख्यात कारागिराच्या कारखान्यांतील परावर्तक दुर्बीण. तिच्या आरशाचा व्यास वीस इंच. पुढें कित्येक दशकें हिच्याहून मोठी दुर्बीण हिंदुस्थानांत नव्हती.

आतां दुर्बिणीच्या संबंधांत व्यासाचें एवढें महत्त्व कां, हें मुलांनीं नीट लक्षांत घ्यावें. दुर्बिणीचें पहिलें काम वस्तु मोठी करून दाखविणें हें नसून, प्रकाश गोळा करणें हें आहे. अंधारांत आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. वीस इंचांचा आरसा म्हणजे पांचशें आठ मिलिमीटर. आणि प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत गोळा होत असल्यामुळें, पुण्याच्या त्या दुर्बिणींत नुसत्या डोळ्याच्या पांच हजार पटींहून अधिक प्रकाश जमत असे. वर्णपटाच्या कामास याची फार जरूर असते, कारण ताऱ्याचा मूळचाच मिणमिणता प्रकाश लोलकानें पसरून टाकावयाचा असतो. एका थेंबाचें पातळ पाणी करून तें लांबच लांब फरशीवर ओतावें, तशांतला तो प्रकार. लहान मुलांसाठीं घ्यावयाच्या सहा इंचांच्या आरशांत डोळ्याच्या सुमारें साडेचारशें पट प्रकाश येतो, व तेवढ्यानें गुरूचे पट्टे, शनीचें कडें, चंद्रावरील विवरें व कित्येक तारकागुच्छ उत्तम दिसतात.

वस्तु किती पट मोठी दिसते, हें नेत्रिका बदलून वाटेल तसें वाढवितां येतें; म्हणून त्या आंकड्याची फुशारकी मारणें व्यर्थ होय. आरशाच्या नाभ्यंतरास नेत्रिकेच्या नाभ्यंतरानें भागिलें कीं पट निघते. परंतु व्यासाच्या दर इंचास पन्नास पटींपलीकडे गेलें, तर चित्र मोठें होण्याऐवजीं नुसतें धुरकट होत जातें. अडीच इंचांच्या खेळण्यावर पांचशें पट असें छापलेलें असतें तें खोटें नव्हे, पण निरुपयोगी आहे. आणि निरुपयोगी सत्य विकणाऱ्यापासून गिऱ्हाइकानें दूर राहावें हें बरें.

भिंगाची दुर्बीण चांगली कीं आरशाची, हा दुसरा नेहमींचा प्रश्न. भिंगाची दुर्बीण बंद नळीची, जपण्यास सोपी, व चंद्र आणि ग्रह यांसाठीं सुरेख असते. परंतु भिंगांतून जातांना निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणीं एकत्र होतात. तो दोष काढण्यास दोन भिंगें जोडावीं लागतात, म्हणजे चार पृष्ठभाग घासावे लागतात. आरशाचा एकच पृष्ठभाग नीट असला कीं पुरे, आणि सर्व रंग तो एकाच ठिकाणीं आणतो. वर्णपटाच्या अभ्यासकास आरसा सोयीचा पडतो त्याचें एक कारण हें; आणि तितक्याच पैशांत आरशाचा व्यास अधिक मिळतो हें दुसरें, जें आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील लोकांस अधिक पटण्यासारखें आहे.

मात्र आरसा सेवा मागतो. नायगमवालांच्या काळचे आरसे कांचेचे असून त्यांवर रुप्याचा अत्यंत पातळ थर चढविलेला असे. आपल्या घरांतील चांदीचीं भांडीं हवेंत काळीं पडतात, तशी ती रुपेरी कांति पावसाळ्यांत लौकर मंदावते, आणि मग जुना थर काढून नवा चढवावा लागतो. हें काम नाजूक असतें. हल्लीं आरशांवर अॅल्युमिनियमचा थर व त्यावर संरक्षक थर देतात, त्यामुळें तो वर्षानुवर्षें टिकतो. तरीही आमच्या मराठवाड्यांतील धूळ व पावसाळ्यांतील बुरशी या दोघी वैरिणी कायम आहेत. दुर्बीण वापरून झाली कीं टोपणें लावून कोरड्या जागीं ठेवावी. पेटींत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या. आणि आरशावर थोडी धूळ बसली म्हणून लगेच रुमालानें पुसूं नये. धुळीनें होते त्याहून अधिक हानि त्या रुमालानें होते. दिवसा तापलेल्या खोलींतून दुर्बीण एकदम थंड गच्चीवर नेऊन पाहूं लागलें, तर तारे उकळत्या पाण्यांत असल्यासारखे थरथरतात. अर्धा पाऊण तास ती बाहेर ठेवावी, मग डोळा लावावा.

बैठकीविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण हल्लींच्या स्वस्त दुर्बिणींचा खरा दोष त्यांच्या भिंगांत क्वचित् असतो, त्यांच्या लटपटत्या तिपायींत बहुधा असतो. पृथ्वी फिरत असल्यामुळें तारा दुर्बिणीच्या टप्प्यांतून सारखा सरकत असतो. पुण्यास वर्णपट पाहण्यासाठीं त्या ताऱ्याचा प्रकाश एका बारीक फटीवर बराच वेळ खिळवून ठेवावा लागे. त्यास बैठक भक्कम असावी लागते, व ती आकाशाच्या गतीनें फिरावी लागते. घरीं पाहणाऱ्यास एवढ्या खटाटोपाची जरूर नाहीं. अमेरिकेंतील जॉन डॉब्सन यानें लोकप्रिय केलेली लांकडी पेटीची साधी बैठक आपल्या गांवचा सुतारही करूं शकेल, आणि ती दगडासारखी स्थिर असते.

आतां नायगमवालांच्या आयुष्यांतील ज्या प्रसंगानें त्यांची योग्यता आमच्या मनांत विशेष ठसली, तो सांगतों. मृग नक्षत्रांत, व्याधानें मारलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खालच्या बाजूस, एक अंधुक धुरकट डाग आहे. डोळ्यास तो फिकट तारा वाटतो, पण दुर्बिणींत प्रकाशाच्या मेघासारखा पसरलेला दिसतो. या तेजोमेघाच्या वर्णपटांत एक तेजस्वी हिरवी रेषा आहे. ती कोणत्या द्रव्याची, हें त्या काळीं कोणासच सांगतां येईना. लॉक्यर यांचें असें मत होतें कीं, आकाशांतील सारे तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत, आणि ही हिरवी रेषा म्हणजे त्या उल्कांतील मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कड होय. दोहोंच्या जागा वर्णपटांत इतक्या जवळजवळ आहेत कीं, त्यांचें मत सहज खोडून काढण्याजोगें नव्हतें. त्यांचें नांवही मोठें होतें. नेचर हें सुप्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिक त्यांनींच १८६९ सालीं काढलें होतें. परंतु त्यांचें म्हणणें खरें असेल तर एक गोष्ट ओघानेंच येत होती. ती रेषा दोन्ही बाजूंनीं सारखी रेखीव दिसतां कामा नये. पट्ट्याची कड असल्यामुळें तिची एक बाजू धूसर होत गेलेली दिसली पाहिजे.

नायगमवालांनीं पुण्याच्या वेधशाळेंतून ही रेषा पुनःपुन्हां तपासली. ती प्रत्येक वेळीं दोन्ही बाजूंनीं स्वच्छ, रेखीव दिसली. वाचकहो, येथें त्यांची स्थिति काय असेल याचा क्षणभर विचार करा. ज्या लॉक्यरसाहेबांच्या सल्ल्यानें वेधशाळेची कल्पना निघाली, ज्यांचा शब्द विलायतेंतील विद्वानांत वजनदार, त्यांच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध पुण्याच्या एका तरुण एतद्देशीय प्रोफेसरानें साक्ष द्यावयाची! रेषा जराशी धूसर वाटली असें मोघम लिहिलें असतें, किंवा कांहींच लिहिलें नसतें, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. त्यांनीं जें पाहिलें तें १८९१ सालीं रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढें मांडलें: रेषा सर्व परिस्थितींत रेखीवच आहे. विल्यम हगिन्स या वृद्ध संशोधकाचा, व कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेच्या कीलर यांच्या सूक्ष्म मापनांचा कौलही लॉक्यरमताच्या विरुद्धच पडला. ती रेषा कशाची याचा उलगडा मात्र पुष्कळ उशिरां, १९२७ सालीं, अमेरिकेंतील आयरा बोवेन यानें केला. ज्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत अशा प्राणवायूची ती रेषा आहे, आणि पृथ्वीवरच्या दाट हवेंत ती उमटत नाहीं. म्हणजे लॉक्यरसाहेबांची मॅग्नेशियमची कड तेथें नव्हतीच. नायगमवालांनीं कोणताही नवा सिद्धान्त मांडला नव्हता. डोळ्यांस दिसलें तें तसेंच लिहिलें, इतकेंच. ज्यांस ही गोष्ट क्षुल्लक वाटत असेल, त्यांनीं आपल्या प्रयोगाच्या वहींत पुस्तकांतील उत्तराशीं जुळावें म्हणून आंकडे किती वेळां दुरुस्त केले, तें मनाशीं मोजावें.

२२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, आणि त्याची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून शिरून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड असा आपला प्रदेश ओलांडून ईशान्येकडे गेली. दूरदूरचे शास्त्रज्ञ तंबू घेऊन आपल्या गांवांत येऊन राहिले होते. लॉक्यर विजयदुर्गास उतरले. नायगमवालांनीं आपलें ठाणें करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें दिलें. पुणें-सोलापूर आगगाडीच्या रस्त्यावरचें हें स्टेशन असल्यामुळें जड यंत्रें नेण्यास सोयीचें. लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तेथेंच आले होते. इकडे प्लेगच्या सांथीनें मुलुख भयभीत झालेला. अशा दिवसांत हें सर्व जुळवून आणणें किती अवघड गेलें असेल याची कल्पना करावी. आणि ज्यासाठीं हा सारा खटाटोप, तो खग्रास काल जेऊर येथें सुमारें दोन मिनिटांचा! दोन मिनिटांत कोणी कोणती तबकडी घालावयाची, झांकण केव्हां उघडावयाचें, सेकंद कोणी मोजावयाचे, हें सर्व आधीं ठरवून घटवावें लागतें. चुकलें तर पुन्हां ती संधि येत नाहीं. सूर्याच्या कडेचा वर्णपट व प्रभामंडळ यांचा या ठाण्यावर अभ्यास झाला, आणि त्याचा सविस्तर वृत्तान्त नायगमवालांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केला.

याच ग्रहणाची एक हकीकत, कथानायकाची नसली तरी, साधनांच्या गोष्टी निघाल्या आहेत म्हणून येथें सांगावीशी वाटते. वऱ्हाडांत तळणी येथें ब्रिटिश हौशी मंडळींचें एक ठाणें होतें, व त्यांत ॲनी माँडर नांवाची एक बाई होती. तिच्याजवळ होतें तें भिंग अवघें दीड इंच व्यासाचें. त्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्यानें तिनें प्रभामंडळाच्या एका अत्यंत लांब किरणाचें छायाचित्र घेतलें. तेवढा लांब किरण पूर्वीं कोणाच्याही छायाचित्रांत आला नव्हता. मोठ्या कॅमेऱ्यांचा टप्पा लहान होता. तिनें आपल्या लहान भिंगास शोभेल असेंच काम निवडलें होतें.

ग्रहणाचें नांव निघालें त्या अर्थीं पालकांस एक सक्त सूचना. दुर्बीण सूर्याकडे कधींही वळवूं नये. क्षणार्धांत डोळा कायमचा जातो. नेत्रिकेवर फिरकीनें बसवावयाचे काळे कांचतुकडे कांहीं दुर्बिणींबरोबर येतात, ते उष्णतेनें तडकतात. ते फेंकून द्यावेत. सूर्य पाहावयाचाच तर खास बनविलेला गाळक दुर्बिणीच्या तोंडावर, म्हणजे आकाशाकडील बाजूस, घट्ट बसवून व मोठ्या माणसाच्या देखरेखीखालींच पाहावा.

पुण्याची वेधशाळा एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. दिवसा कॉलेजांत शिकविणें व रात्रीं आकाश पाहणें, असा तिचा क्रम. त्यांच्यामागें हें काम घेईल असा कोणी माणूस तेथें तयार झाला नाहीं, आणि १९१२ सालीं नायगमवाला निवृत्त होतांच सरकारनें वेधशाळा बंद करून टाकली. सर्व यंत्रें दक्षिणेंत कोडाईकनाल येथील वेधशाळेस पाठविण्यांत आलीं. तेथें त्या वेळीं जॉन एव्हरशेड हे मुख्य होते; चौदा वर्षांपूर्वीं तेही तळणीच्या ठाण्यावर होते. कोडाईकनालचें मुख्य काम सूर्याचें असल्यामुळें ताऱ्यांच्या या मोठ्या दुर्बिणीस तेथें कितीएक वर्षें विशेष काम मिळालें नाहीं.

आमच्या शहराचा संबंध ज्या निजामी राज्याशीं १९४८ पर्यंत होता, तेथील उदाहरण याच्या उलट आहे. हैदराबादचे नबाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं ग्रब यांच्याच कारखान्यांतील पंधरा इंच भिंगाची दुर्बीण स्वतःच्या खर्चानें आणविली. ते १९०७ सालीं वारले. पण त्यांच्या इच्छेप्रमाणें १९०८ सालीं राज्यानें ती वेधशाळा आपल्याकडे घेतली, तिला निजामिया हें नांव दिलें, पगारी माणसें नेमलीं, आणि आकाशाचा नकाशा तयार करण्याच्या जागतिक कामांत तिनें आपला वांटा उचलला. १९१९ पासून ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. धनी गेला तरी दुर्बीण चालूं राहिली, कारण तिच्यामागें माणसें होतीं. आमचे असें स्पष्ट मत आहे कीं, एखाद्या शाळेस देणगीदारानें दुर्बीण द्यावयाची असेल, तर दुर्बिणीच्या किंमतींतला कांहीं भाग राखून ठेवून त्यांतून दर वर्षीं दोन विद्यार्थ्यांस ती हाताळण्यास शिकविण्याची व्यवस्था करावी. किती तरी शाळांतून दुर्बीण कुलुपांत असते, व किल्ली कोणापाशीं आहे हें कोणास ठाऊक नसतें.

ज्यास आजच आरंभ करावयाचा आहे त्यानें दुर्बिणीची वाटही पाहूं नये. पहिलें वर्ष नुसत्या डोळ्यांनीं नक्षत्रें ओळखण्यांत घालवावें. दुसऱ्या वर्षीं, जमल्यास, पन्नास मिलिमीटर भिंगांची व सात किंवा दहा पटींची द्विनेत्री घ्यावी. कृत्तिकांचा पुंजका, गुरूचे चार चंद्र, देवयानींतील दीर्घिका, व नायगमवालांनीं पाहिलेला मृगांतील तो तेजोमेघ, हीं सर्व तिच्यांत दिसतात. शहरांतील दिव्यांच्या झगझगाटांतून बाहेर पडून म्हैसमाळच्या पठारावर गेलें, तर साध्या द्विनेत्रींतही जें दिसतें तें शहराच्या गच्चीवर मोठ्या दुर्बिणींत दिसत नाहीं. डोळे अंधारास सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटें लागतात, तोंवर मोबाइलचा पडदा उजळूं नये. एक वही मात्र पहिल्या रात्रीपासून हवी: तारीख, वेळ, आकाश कसें होतें, काय दिसलें. काय दिसावयास हवें होतें तें नव्हे, काय दिसलें.

प्रोफेसर नायगमवाला वेधशाळा बंद झाल्यावर सव्वीस वर्षें हयात होते. १९३८ सालीं ते निवर्तले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचें पुढें इंजिनियरिंग कॉलेज झालें, व आतां तें तंत्रशास्त्राचें विद्यापीठ आहे. पुणें जिल्ह्यांत जुन्नरजवळ गिरवली येथें २००६ पासून आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण काम करीत आहे. महाराजा तख्तसिंहजींच्या नांवाची ती वीस इंची दुर्बीण मात्र कोडाईकनालच्या डोंगरावरही कायमची राहिली नाहीं. हिमालयांत मोठी वेधशाळा कोठें बांधावी याचा शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाला, तेव्हां तेथील आकाश पारखण्यासाठीं तिलाच लडाखांत लेह येथें नेण्यांत आलें. समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, जेथें पावसाळा जवळजवळ नाहींच.